पीळतुला : महिनाभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

टिळकवाडीतील आमच्या विज्ञान अभ्यासवर्गासाठी आम्ही गुरुत्वाकर्षण मोजणारी पीळतुला विकत घेतली. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७९८ साली वापरलेल्या उपकरणाचीच ही टेबलावर मावणारी आवृत्ती आहे : बारीक तारेला टांगलेली आडवी दांडी, तिच्या दोन्ही टोकांना १५ ग्रॅमचे शिशाचे गोळे, बाहेर दीड किलोचे दोन गोळे आणि दांडीवरील आरशावरून समोरच्या भिंतीवर पडणारा लेसरचा कवडसा. मोठे गोळे एका बाजूचे दुसऱ्या बाजूला फिरवले की तारेला पीळ पडून कवडसा मुंगीच्या पावलांनी सरकू लागतो. शिशाने शिशाला ओढलेले खानापूरहून येणाऱ्या मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तेव्हा वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही.

ही ओढ एका न्यूटनच्या अब्जांशाहूनही कमी असल्यामुळे रेल्वे गेटवरून गाडी गेली की कवडसा थरथरतो. म्हणून मोजमाप आम्ही रात्री उशिरा घेतो. प्रत्येक लहान गोळ्याला पलीकडचा मोठा गोळाही उलट दिशेने थोडा ओढतो आणि त्यामुळे उत्तर कमी येते, याचा माहितीपुस्तिकेत उल्लेखच नाही, ही गंभीर उणीव आहे.

त्याहून खटकतो तो विक्रेत्याचा दावा, की या उपकरणाने अतिरिक्त मितींची, म्हणजे लांबी-रुंदी-उंचीपलीकडच्या दडलेल्या दिशांची, चाचणी घेता येते. अर्कानी-हमेद, दिमोपोलोस आणि द्वाली या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार अशा दोन मिती असल्यास, त्यांच्या आकाराहून कमी अंतरावर गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाऐवजी चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलेल. आमच्या गोळ्यांच्या केंद्रांतच जवळपास पाच सेंटीमीटर अंतर आहे; इतक्या दुरून ही चाचणी होऊच शकत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातील गटाने पीळतुलेनेच, पण मध्ये धातूचा पातळ पडदा ताणून विद्युतबल अडवत, २०२० मध्ये ५२ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यस्त वर्गाचा नियम अबाधित असल्याचे दाखवले. अंतराचे दुसरे, अतिदूरचे टोक गुरुत्वीय लहरींनी, म्हणजे अवकाशात पसरणाऱ्या गुरुत्वाकर्षणाच्या तरंगांनी, तपासले : १७ ऑगस्ट २०१७ रोजी टिपलेली न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे पार करूनही, मोठ्या अतिरिक्त मितींत गळती झाली असती तर जितकी क्षीण व्हायला हवी होती, तितकी झालेली नव्हती.

तरीही ही तुला घ्यावी, असेच मी म्हणेन, कारण ५२ मायक्रॉनचा आकडा किती कष्टाचा आहे, हे थरथरणारा कवडसा पाहिल्यावाचून मुलांना कळले नसते. मागवताना जादा तार मात्र आवर्जून घ्यावी. आमची पहिली तार बसवतानाच तुटली आणि दुसरी यायला तीन आठवडे लागले.