ग्रेट सर्कल मॅपर: अंतर चोख, वेळ आपणच काढायची

ग्रेट सर्कल मॅपर ही दोन विमानतळांमधलं अंतर नकाशावर दाखवणारी वेबसाइट. तिच्या चौकटीत बीओएम-एलएचआर (मुंबई आणि लंडन-हीथ्रो) असे विमानतळांचे कोड रोमन अक्षरांत, मध्ये आडवी रेघ देऊन टाका. मुंबई-लंडन सुमारे ७,२०० किमी येतं. एकक मैल दिसलं तर बदलून घ्या. शहराच्या नावापेक्षा कोड बरा, कारण लंडनला हीथ्रो, गॅटविक असे अनेक विमानतळ आहेत.

अंतर भरवशाचं, पण ते पृथ्वीच्या गोलावरचं किमान अंतर. ताशी ९०० किमीने भागलं की ८ तास. टॅक्सीइंग (विमानाचं जमिनीवरचं धावणं) आणि चढ-उताराचा अर्धा तास वर धरा. तरी लंडनला जाताना साडेनऊ-दहा तास लागतात: जेट प्रवाह, म्हणजे उंचावरचा पश्चिमेकडून वाहणारा जोराचा वारा, समोरून येतो. परतताना तोच मागून ढकलतो. पाकिस्तानची हवाई हद्द बंद असली की वळसा वेगळाच! वारा नि वळसा नकाशाला कळत नाही; त्यासाठी विमान कंपनीचं वेळापत्रकच बघावं. फक्त त्यातल्या वेळा स्थानिक असतात, म्हणून भारत आणि लंडनमधला हिवाळ्यातला साडेपाच, उन्हाळ्यातला साडेचार तासांचा घड्याळी फरक आधी काढून टाका.