मकाऊ, कॅसिनोत एक पैसाही न घालवता: आमचा रिव्ह्यू

मकाऊ म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर एकच गोष्ट येते, कॅसिनो. मग "आपण काही जुगार खेळत नाही, तिथे जाऊन करायचं काय" असं म्हणून हाँगकाँगला येणारी बरीच मराठी मंडळी मकाऊ प्लॅनमधून काढूनच टाकतात, नाहीतर टूरवाल्याबरोबर एका दुपारी येतात, चर्चच्या पडक्या भिंतीपुढे फोटो, मॉलमधल्या रंगवलेल्या आकाशाखाली फोटो, आणि चला परत. माझं मत एकदम उलटं आहे. आम्ही हाँगकाँगला राहतो आणि घरी पाहुणे आले की मी त्यांना डिस्नेलँडच्या आधी मकाऊ दाखवतो, कारण इतक्या कमी पैशात इतकं बघायला मिळेल असं दुसरं शहर ह्या भागात मला तरी माहीत नाही, आणि गोव्यासारखंच इथेही पोर्तुगीजांचं राज्य होतं, त्यामुळे गोव्यात-कोकणात वाढलेल्या माणसाला तर ते जास्तच जवळचं वाटतं.

अंदाज यावा म्हणून सांगतो, सगळं मकाऊ मिळून साधारण 33 चौरस किलोमीटर, आणि माणसं जवळपास सात लाख. जगातल्या सगळ्यात दाट वस्तीच्या जागांमध्ये त्याचा नंबर लागतो. जुन्या शहरात तर इमारती इतक्या खेटून आहेत की एका घरचे वाळत घातलेले कपडे समोरच्याच्या खिडकीत जातील की काय असं वाटतं, पण ह्याच दाटीचा फायदा असा की देऊळ, चर्च, किल्ला, बाजार सगळं एकमेकांपासून पाच-दहा मिनिटांवर. टॅक्सी लागतच नाही. चांगले बूट घाला, चढ-उतार मात्र भरपूर आहेत.

जाण्याचा खर्च. फेरी बोट आहे, पण मी आता पुलावरची बसच सांगतो सगळ्यांना. 2018 ला सुरू झालेला तो 55 किलोमीटरचा हाँगकाँग-जुहाई-मकाऊ पूल, त्यावरून बस चोवीस तास चालते, दिवसा 65 हाँगकाँग डॉलर, फेरीच्या निम्म्याहून कमी, आणि साधारण चाळीस मिनिटांत पलीकडे. समुद्राच्या मधोमध पूल अचानक पाण्याखालच्या बोगद्यात शिरतो आणि परत वर येतो ते मुलांना जाम आवडतं. पासपोर्ट लागतो, मकाऊचं इमिग्रेशन हाँगकाँगपेक्षा वेगळं आहे आणि परत येताना हाँगकाँगची एन्ट्री नव्याने होते, त्यामुळे दोन्हीकडचे नियम निघायच्या आधी सरकारी साइटवर बघून घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

पैसे मकाऊचे वेगळे, पटाका, साधारण दहा-अकरा रुपयांचा एक. हाँगकाँग डॉलर दुकानांत सरळ एकास एक चालतात पण उलटं चालत नाही, हाँगकाँगमध्ये पटाका कोणी हातात धरत नाही, तेव्हा सुटे उरले तर तिथेच संपवा. सिटी बसचं रोख भाडं कुठेही जा, सहा पटाका, आणि ड्रायव्हर सुटे देत नाही, डब्यात टाकले ते गेले. मकाऊ पास नावाचं कार्ड घेतलं तर भाडं निम्मं होतं. त्याशिवाय मोठ्या हॉटेलांच्या फुकट शटल बस असतात फेरी टर्मिनल आणि बॉर्डरवरून, तुम्ही तिथे उतरलेले नसलात तरी बहुतेक ठिकाणी कोणी विचारत नाही. तरी मी म्हणेन की सिटी बसच घ्या. शटल तुम्हाला लॉबीत नेऊन सोडते, सिटी बस गावातून फिरवते.

आता मुख्य भाग. सुरुवात सेनादो चौकातून करा, सकाळी नऊच्या आत. काळ्या-पांढऱ्या दगडांची लाटांसारखी फरशी, कडेला पिवळ्या-गुलाबी इमारती, आणि समोर जुनी नगरपालिका, लेआल सेनादो. ह्या इमारतीत लोक शिरतच नाहीत, बाहेरून फोटो काढून पुढे जातात, पण आत जिन्याला निळ्या-पांढऱ्या टाइल्स आहेत, मागे छोटीशी बाग आहे, आणि हे सगळं फुकट. माझी म्हापशाची मावशी आली होती तेव्हा ती गल्ल्यांच्या नावांच्या टाइल्सपाशीच थांबत होती, वर चिनी, खाली पोर्तुगीज, "अरे हे तर आपल्या पणजीतल्या फोंतैन्याससारखं" असं म्हणत प्रत्येक पाटीचा फोटो. मी तिला घाई केली नाही कारण खरंच ते बघण्यासारखंच आहे.

तिथून सेंट पॉलच्या भिंतीकडे. सगळे तिला रुइन्स म्हणतात. 1640 ला बांधून झालेलं जेजुइट पंथाच्या पाद्र्यांचं चर्च, 1835 च्या आगीत गेलं, उरली फक्त पुढची दगडी भिंत आणि पायऱ्या. आता ही भिंत लांबून बघू नका हो. पायऱ्या चढून अगदी जवळ जा आणि मान वर करून एकेक मजला बघा. एका बाजूला पोर्तुगीज जहाज कोरलंय, शिडांसकट. दुसऱ्या बाजूला सात डोक्यांचा राक्षस आणि त्याच्यावर उभी मेरी, आणि शेजारी चक्क चिनी अक्षरांत लिहिलंय की पवित्र माता ड्रॅगनचं डोकं तुडवते आहे. कडांना चिनी सिंह. जपानमधून छळाला कंटाळून पळून आलेले ख्रिश्चन कारागीर ह्या कामावर होते. म्हणजे इटालियन जेजुइटाचा आराखडा, जपानी हात, चिनी अक्षरं आणि पोर्तुगीज पैसा, एका भिंतीत. भिंतीच्या मागे खाली उतरून तळघर आणि धार्मिक वस्तूंचं छोटं म्युझियम आहे, तेही फुकट, आणि गर्दी सगळी पुढे सेल्फी काढत असते म्हणून आत शांतपणे बघता येतं.

बाजूलाच मोंते किल्ला. सरकत्या जिन्याने वर जाता येतं, त्यामुळे ज्येष्ठ लोकांनाही जमतं. 1622 ला डच चालून आले होते तेव्हा इथल्याच तोफांनी त्यांना परतवलं, त्या तोफांजवळ उभं राहिलं की समोर थेट ग्रँड लिस्बोआ कॅसिनोची ती सोनेरी कमळासारखी बिल्डिंग दिसते. तिकीट नाही. पाणी बरोबर ठेवा, वर सावली कमी.

आणि आता जी जागा मला सगळ्यात जास्त आवडते आणि टूरवाले जिथे कधीच थांबवत नाहीत ती. सेनादोपासून दक्षिणेला आ-मा देवळाकडे चालत निघालात की 'बारा' नावाच्या टेकडीच्या उतारावर एक पिवळी-पांढरी लांब इमारत लागते, टोकदार कमानींचा व्हरांडा असलेली, चीनमध्ये नाही तर कुठल्यातरी भारतीय संस्थानात उभी आहे अशी. मूरिश बॅरॅक्स. 1874 ला बांधली, आणि बांधली कोणासाठी तर मकाऊच्या पोलिसांना मदत म्हणून गोव्याहून आणलेल्या पलटणीसाठी! गोव्यातली पोरं, तिकडून जहाजाने इथे येऊन, ह्याच व्हरांड्यात राहायची. तेव्हाच्या पोर्तुगीजांना हे सगळे "मूर"च, म्हणजे उत्तर आफ्रिकेकडचे मुसलमानच, वाटत असावेत, म्हणून नाव तसं. 1844 पर्यंत तर मकाऊचा कारभारच गोव्यातून चालायचा, हुकूम तिथून निघायचा. 2005 ला युनेस्कोच्या यादीत हा सगळा जुना भाग आला त्यात ही इमारतही आहे. आत आता सागरी खात्याचं ऑफिस आहे त्यामुळे खोल्यांमध्ये जाता येत नाही, पण व्हरांड्यापर्यंत जाऊन बघा, कमानींच्या सावलीत बसा. इथे मराठी किंवा कोकणीत एक पाटी असायला हवी होती असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडच्या शाळांच्या पुस्तकात ह्याचा उल्लेखही नसतो, आणि हजारो भारतीय टुरिस्ट दर वर्षी इथून अर्ध्या किलोमीटरवरून निघून जातात.

त्याच रस्त्यावर मॅन्डरिन्स हाऊस आहे, एका चिनी विचारवंताच्या घराण्याचा प्रचंड वाडा, चौकामागून चौक, शिंपल्यांच्या पातळ तुकड्यांच्या खिडक्या. आमच्या लहानपणी कोकणात, गोव्यात जुन्या घरांना ह्याच शिंपल्यांच्या खिडक्या असायच्या, आता तिकडे शोधाव्या लागतात. फुकट आहे, आठवड्याचा सुट्टीचा वार बघून जा. पुढे आ-मा देऊळ, समुद्राच्या देवीचं, पोर्तुगीज येण्याच्या आधीपासूनचं, छतापासून लटकलेली स्प्रिंगसारखी गोल उदबत्ती दिवसेंदिवस जळत राहते. धुराचा त्रास असणाऱ्यांनी बाहेरूनच नमस्कार करावा, खरंच डोळे चुरचुरतात.

पुढे कोलोआन, दुसरा दिवस असेल तर निवांत, नाहीतर निदान टार्टपुरतं. 26ए नंबरची बस, तेवढेच पैसे, दाटी संपते आणि खाडीकाठचं गाव लागतं, समोर पलीकडे चीन दिसतो. इथे लॉर्ड स्टोज बेकरी, 1989 पासूनची, मकाऊचा एग टार्ट जगभर गेला तो इथून. टार्ट दहा-पंधरा पटाकांच्या घरात. गरम असतानाच खा, कडा कुरकुरीत, मधलं कस्टर्ड हलतं, वर साखर करपून काळे ठिपके आलेले, आणि गोड आपल्या मिठाईच्या मानाने बेताचं. पॅक करून हाँगकाँगला नेलेत तर पुठ्ठा होतो, तिथेच खाडीच्या कठड्यावर बसून संपवा. पुढे सेंट फ्रान्सिस झेवियरचं छोटंसं पिवळं चॅपल आहे, ज्या झेवियरचं शव आपल्या जुन्या गोव्यात आहे त्याच्याच दंडाचं हाड बरीच वर्षं ह्या चॅपलमध्ये होतं, आता ते मुख्य शहरात सेंट जोसेफ चर्चला हलवलंय. त्याच 26एने आणखी पुढे गेलात तर हाक सा, काळ्या वाळूचा किनारा. पोहायला वगैरे ठीकठाक, कोकणवाल्याला त्यात फार काही नाही, वेळ कमी असेल तर सोडा.

संध्याकाळी कोताईला, म्हणजे मोठ्या कॅसिनो-हॉटेलांच्या भागात या, कारण दिवे तिथे आहेत. विन पॅलेस हॉटेलच्या तळ्यावरून फिरवणारी केबल कार फुकट, कारंज्याचा शो फुकट, आणि हॉटेलांच्या लॉबी म्हणजे एसीत फुकट फिरण्याची जागा. कॅसिनोच्या आत 21 वर्षांखालच्यांना सोडत नाहीत, पण मुलांना घेऊन बाकी सगळीकडे फिरता येतं. गोंडोला राइड, टॉवर, थीमवाले शो ह्यांना पैसे घालू नका, तेवढ्यात दुसऱ्या दिवसाचं जेवण होतं.

जेवणावर मात्र मी स्टार कापतो. शाकाहारी माणसाचे हाल होतात. साध्या भाजीच्या सुपातही मांसाचा स्टॉक असतो, आणि इंग्रजी सगळीकडे चालत नाही, तेव्हा "मांस नको, मासे नको, स्टॉक नको" असं चिनीत फोनवर लिहून ठेवा आणि दाखवा. जुन्या शहरात एका छोट्या हॉटेलात आम्ही असंच दाखवून भाजीचे नूडल्स मागवले तरी वर डुकराच्या मांसाचा चुरा घालून आणले, परत पाठवले तर चुरा काढून तेच परत आले. तेव्हापासून शाकाहारी पाहुण्यांबरोबर थेपले-चटणी बरोबर असतेच. अंडं चालत असेल तर टार्ट, पाव, फळं ह्यावर दिवस निघतो, शिवाय सेराडुरा, जो गोव्यात मिळतो तोच बिस्किटाचा चुरा आणि क्रीमचा थर, पण काहीजण त्यात जिलेटिन घालतात तेव्हा विचारून घ्या. मांसाहारी असाल तर तुमची चंगळ. ताइपा भागातल्या रुआ दो कुन्या ह्या गल्लीत बदामाची बिस्किटं आणि सुकवलेलं गोडसर मांस दुकानदार चाखायला हातात देतात, न घेता पुढे गेलात तरी तोंड वाकडं करत नाहीत.

दुसरा स्टार कापतो तो गर्दीसाठी. शनिवार-रविवार, चिनी नववर्ष आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा, ह्या दिवसांत सेनादोपासून रुइन्सपर्यंत ढकलत नेतात तुम्हाला, आणि हॉटेलचे भाव दुप्पट-तिप्पट. मंगळवार ते गुरुवार या. एका रात्रीसाठी राहायचं तर मधल्या वारी चांगलं हॉटेल हाँगकाँगच्या खुराड्याच्या भावात मिळतं, मोठी खोली, टब वगैरे.

बाकी पब्लिक टॉयलेट सगळीकडे, स्वच्छ आणि फुकट, रात्री अकरा वाजता बायका-मुलांना घेऊन गल्लीबोळांतून चालायला काही वाटत नाही. ज्यांच्याकडे एकच दिवस आहे त्यांनी सकाळी सातची पुलावरची बस धरावी, दुपारपर्यंत रुइन्स, मोंते, मूरिश बॅरॅक्स, आ-मा उरकावं, उन्हाच्या वेळी कोलोआनला टार्ट, अंधार पडल्यावर कोताई, आणि परतीच्या बसची काळजी नको कारण ती रात्रभर असते, फक्त मध्यरात्रीच्या सुमारास रात्रीचं भाडं लागू होतं, थोडंसंच जास्त.