दुकानातले तीन कॉम्प्युटर आणि यूब्लॉक ओरिजिन

बार्शीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. तीन कॉम्प्युटर, दोन प्रिंटर, एक लॅमिनेशनचं मशीन. गावात कॅन्सरचं मोठं हॉस्पिटल आहे, त्यामुळे कॉलेजच्या मुलांइतकेच पेशंटचे नातेवाईकही माझ्याकडे येतात. भूम-परांड्याकडून, तुळजापूरकडून. रेशनकार्डाची झेरॉक्स, आधारची झेरॉक्स, महात्मा फुले योजनेची कागदं, मोबाइलवर आलेल्या रिपोर्टची प्रिंट. हे सगळं त्याच तीन मशिनवर चालतं. यूब्लॉक ओरिजिन हे ब्राउझरला जोडायचं, जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन मी दीड वर्ष वापरतेय, आणि ते का घेतलं हे आधी सांगते.

आईचं स्तनाचं ऑपरेशन झालं, एक बाजू काढावी लागली. टाके सुकल्यावर घालायच्या खास ब्रा कुठं मिळतात, आत ठेवायचं सिलिकॉनचं पॅड कसं निवडायचं, हे मी एका रात्री शटर ओढून घेतल्यावर काउंटरच्या मशिनवर शोधत बसले. चार साइट बघितल्या, घेतलं काही नाही. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला एक बारावीचा मुलगा वडिलांना घेऊन आला. कॉलेजांचे कटऑफ बघायचे होते. कटऑफची साइट उघडली तर दोन्ही बाजूंना त्याच ब्रा. मग पानावर एक चौकोन सरकत आला आणि अख्ख्या स्क्रीनभर बाईच्या छातीचा फोटो. मुलानं मान खाली घातली, वडील रस्त्याकडे बघायला लागले. मी ती खिडकी बंद केली, दुसरी साइट उघडली, तिथंही तेच. आई माझ्या मागच्या खुर्चीवर बसली होती. तिनं स्क्रीनकडे बघितलं आणि पदर सारखा केला. बोलली काही नाही.

त्या दिवसापासून मला या जाहिरातींची नुसती कटकट वाटत नाही, राग येतो. घरी एकाचा एक कॉम्प्युटर असेल तर जाहिरात त्याच्याच मागं फिरते. दुकानात, सायबर कॅफेत, किंवा चार जणांच्या घरातल्या एका लॅपटॉपवर ती एकाची गोष्ट दुसऱ्याला सांगत सुटते. जाहिरातवाल्याला समोर बसलेला माणूस दिसत नाही, त्याला ब्राउझर ओळखू येतो. आपण उघडतो एक पान, पण त्या पानाच्या पोटातून दहा-वीस वेगळ्या कंपन्यांच्या सर्व्हरला निरोप जातात. त्यांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या कुकीवरून, म्हणजे खुणेच्या छोट्या फाइलवरून, पुढच्या साइटवर कळतं, की काल रात्री ब्रा बघणारा हाच तो ब्राउझर.

मी आधी रोज संध्याकाळी कुकी पुसून बघितल्या. उपयोग झाला, पण सगळीकडची लॉगिनं जायची आणि सकाळी गर्दीच्या वेळी ओटीपीची वाट बघत बसावं लागायचं. शिवाय दिवसभरात एका गिऱ्हाइकाचं दुसऱ्याला दिसायचं ते दिसायचंच.

यूब्लॉक ओरिजिन तो निरोप बाहेरच पडू देत नाही. जाहिरातींचे आणि माग काढणारे पत्ते कोणते, याच्या याद्या जगभरचे लोक सांभाळतात. ईझीलिस्ट ही जाहिरातींची, ईझीप्रायव्हसी ही पाळत ठेवणाऱ्यांची. पान त्या पत्त्यावर काही मागायला गेलं की हे एक्स्टेंशन तिथंच अडवतं. म्हणून जाहिरात नुसती झाकली जात नाही, मुळात मागवलीच जात नाही, आणि पानही लवकर उघडतं. माझं दोन नंबरचं मशीन जुनं, 4 जीबी रॅमचं आहे, त्याच्यावर हा फरक लगेच जाणवतो. लाल ढालीच्या चिन्हावर आकडा येतो, किती गोष्टी अडवल्या त्याचा. त्याच कटऑफच्या पानावर मी 41 मोजले.

हे रेमंड हिल यांनी 2014 साली आणलं. फुकट आहे, कोड सगळ्यांना उघडा आहे, आणि ते देणगीही घेत नाहीत. घेताना 'ओरिजिन' हा शब्द नीट बघा. नुसतं 'यूब्लॉक' नावाचं वेगळं एक्स्टेंशन आहे, त्याचा याच्याशी आता संबंध नाही.

2014 हेच साल आणखी एका गोष्टीसाठी लक्षात राहिलंय. पॉप-अप जाहिरातीचा कोड ज्यांनी लिहिला त्या ईथन झुकरमन यांनी त्या वर्षी जाहीर माफी मागितली. ते 1990च्या दशकात ट्रायपॉड या कंपनीत होते. एका मोटार कंपनीची जाहिरात अश्लील पानावर दिसली, कंपनी घाबरली, म्हणून जाहिरात पानापासून तोडून वेगळ्या खिडकीत टाकायची युक्ती निघाली. म्हणजे पॉप-अप जन्माला आलं ते जाहिरात देणाऱ्याची लाज राखायला. हे वाचल्यावर मला आईचा पदर आठवला.

आता एक गोष्ट जी यानं थांबत नाही, आणि दुकानवाल्यांनी ती आधी करावी. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खालून 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 5 व्हायरस' अशी पट्टी येते ना, ती पानावरची जाहिरात नसते. कुणीतरी कधीतरी एखाद्या साइटवर 'अलाउ' दाबलेलं असतं. 'तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाउ दाबा' असं लिहून ते दाबायला लावतात. मग ती साइट बंद असली तरी नोटिफिकेशन येत राहतं. माझ्याकडे एक आजोबा उत्पन्नाच्या दाखल्याचं बघायला बसले होते, ती पट्टी बघून त्यांनी माउसवरचा हात झटकन काढला. "ताई, माझ्या हातनं काय बिघडलं का?" त्यांच्या हातून काही बिघडलं नव्हतं. फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग परमिशन्समध्ये नोटिफिकेशन्स. तिथं यादी दिसते, ती सगळी काढून टाका. आणि खाली नवीन विनंत्या अडवायची चौकट आहे, तिच्यावर टिक करा. तिन्ही मशिनला मिळून दहा मिनिटं लागली, त्यानंतर ती पट्टी आलेली नाही.

मी फायरफॉक्स म्हणतेय त्याला कारण आहे. आधी तिन्हीवर क्रोम होतं. क्रोमनं एक्स्टेंशनचे नियम बदलले, 2025मध्ये पूर्ण यूब्लॉक ओरिजिन तिथं चालणं बंद झालं. क्रोमसाठी त्याच हिल यांचं यूब्लॉक ओरिजिन लाइट आहे. तीन नंबरच्या मशिनवर क्रोम ठेवावंच लागतं, तिथं मी तेच वापरते. रोजच्या कामाला चांगलं आहे. पण त्याच्या याद्या एक्स्टेंशनचं अपडेट येईल तेव्हाच बदलतात, पूर्णवाल्याच्या मधल्या मधे आपोआप ताज्या होतात. नव्या फसव्या साइट रोज निघतात, त्यामुळे गिऱ्हाइकांना मी एक आणि दोन नंबरवरच बसवते.

तक्रारी आहेत. काही साइट 'अ‍ॅडब्लॉकर बंद करा' म्हणून पान उघडूच देत नाहीत. आमच्या भागातल्या बातम्या देणाऱ्या एका छोट्या साइटवर मी स्वतःहून यूब्लॉक ओरिजिनचं मोठं पॉवरचं बटण दाबून ते बंद ठेवलंय, कारण त्या लोकांचं पोट जाहिरातीवर आहे आणि त्यांच्या जाहिराती साध्या असतात, साडीचं दुकान, क्लासेस. दुसरं, फी भरल्यावर पावती नव्या खिडकीत उघडते आणि कधी कधी ती येतच नाही. मी आधी यूब्लॉकलाच दोष दिला. प्रत्यक्षात ती फायरफॉक्सच्या स्वतःच्या पॉप-अप ब्लॉकरनं अडवलेली होती. वर एक पट्टी येते, तिच्यातून त्या साइटला परवानगी दिली की पावती येते. पैसे गेले, पावती नाही म्हणून पुन्हा पैसे भरू नका, आधी ती पट्टी बघा.

आईच्या मोबाइलवरही टाकलंय. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेंशन घेता येत नाही, फायरफॉक्समध्ये येतं. बाकीच्या अ‍ॅपमधल्या जाहिराती यानं जात नाहीत, त्या तिला अजून दिसतात. ऑपरेशनच्या बाजूचा हात सुजू नये म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेत. मधला एक कसा करायचा ते ती विसरते, तेव्हा ती आता माझ्याकडे मोबाइल न देता फायरफॉक्स उघडते आणि स्वतःच बघते.