‘मॉड्यूल जळालंय’ म्हणाले की आधी फोन तपासा

बिलावर चारच ओळी होत्या. ब्लूटूथ मॉड्यूल इम्पोर्टेड 9,500. माइक ओरिजिनल 1,800. वायरिंग रिपेअर 1,500. लेबर 1,200. एकूण 14,000 रुपये. खाली सही, वर दुकानाचा शिक्का, जीएसटी नंबर नाही. गाडी 2011 ची युरोपियन सेदान, एमएच-12, दुसऱ्या मालकाकडे नुकतीच आलेली. तक्रार एवढीच की स्टिअरिंगवर फोनचं बटण आहे, छतातल्या दिव्याशेजारी माइकची जाळी आहे, म्हणजे हँड्सफ्री कंपनीतूनच बसवलेलं आहे, पण मालकाचा जिओ सिमचा आयफोन काही केल्या जोडला जात नाही. दुकानदाराने पाच मिनिटं स्क्रीनवर बोटं फिरवली आणि निकाल दिला, ‘साहेब, मॉड्यूल जळालंय.’

मॉड्यूल, म्हणजे फोन गाडीला जोडणारा डबा, जळालेलं नव्हतं. चांगलं चालू मॉड्यूल काढलं गेलं आणि ‘आता भंगारच आहे’ म्हणून दुकानातच राहिलं. अशी बिलं पुण्यात सर्रास फाडली जातात, म्हणून या बिलाची एकेक ओळ उलगडून ठेवतो आहोत.

पहिली ओळ सगळ्यात महागडी, तिच्यापासून सुरुवात. त्या काळच्या बऱ्याच महागड्या युरोपियन गाड्यांत फोनची सोय आजच्यासारखी नव्हती. आज आपण ज्याला ब्लूटूथ कॉलिंग म्हणतो ते एचएफपी नावाच्या प्रोफाइलवर, म्हणजे फोन आणि गाडीने एकमेकांशी कसं बोलायचं याच्या ठरलेल्या पद्धतीवर, चालतं. कॉल फोनच करतो, गाडी फक्त माइक आणि स्पीकर पुरवते. त्या गाड्यांतल्या काही मॉड्यूलना मात्र रिमोट सिम ॲक्सेस, म्हणजे आरसॅप, लागतं. यात गाडीत स्वतःचा जीएसएम, म्हणजे जुन्या टू-जीच्या जातीचा, फोन असतो, त्याला बाहेरची अँटेना जोडलेली असते आणि तुमच्या मोबाइलकडून तो फक्त सिमची ओळख मागून घेतो. तेवढा वेळ मोबाइलचं स्वतःचं नेटवर्क बंद राहतं. कल्पना छान होती, गाडीच्या छपरावरची अँटेना रेंज चांगली पकडते. पण आयफोनने आरसॅप कधीच दिलं नाही आणि अँड्रॉइडमध्येही ते मोजक्याच फोनमध्ये मिळालं. त्यात आपल्याकडची आणखी एक अडचण आहे. जिओचं नेटवर्क 2016 मध्ये सुरू झालं तेच फोर-जी व्होल्टीवर, म्हणजे कॉलही डेटावरूनच, त्याला टू-जी नाहीच. गाडीतला जुना जीएसएम फोन जिओचं सिम घेऊन करणार काय?

म्हणजे या गाडीत, या फोनला, या सिमवर कुठलीही वायर बदलली तरी कॉल लागणार नव्हता. बिघाड कुठेच नव्हता, जोडीच जमत नव्हती. हे कळायला पॅनल उघडावं लागत नाही. गाडीचं मॅन्युअल काढा, टेलिफोनच्या पानावर ‘सिम ॲक्सेस’ किंवा ‘आरसॅप’ लिहिलंय का ते बघा. दुसरी खूण, आरसॅप चालणाऱ्या एखाद्या जुन्या फोनशी गाडी जोडली की त्या फोनच्या स्क्रीनवरचं नेटवर्क गायब होतं.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे ‘अर्धं मॉड्यूल गेलंय’. कॉल व्यवस्थित येतात, पण फोनमधली गाणी स्पीकरवर वाजत नाहीत. गाण्यांसाठी एटूडीपी हे वेगळं प्रोफाइल लागतं आणि त्या काळच्या कितीतरी मॉड्यूलमध्ये ते दिलेलंच नव्हतं. जे कधी नव्हतं ते जळणार कसं?

मॉड्यूलवर संशय घेण्याआधी करायच्या गोष्टी अगदीच साध्या आहेत आणि त्या क्रमानेच करा. जुनी मॉड्यूल साधारण पाचेक फोन लक्षात ठेवतात. सेकंडहँड गाडीत ती यादी आधीच्या मालकाच्या घरच्यांनी भरलेली असते, मग नवा फोन आत घेतला जात नाही. मेन्यूतून सगळे जुने फोन पुसून टाका. तुमच्या फोनमधूनही गाडीचं नाव ‘विसरा’. पुन्हा जोडताना पिन मागितला तर बहुतेक वेळा 0000 किंवा 1234 असतो, पण तो लगेच टाकावा लागतो, नाहीतर गाडी वाट बघून सोडून देते. जोडणी झाली आणि तरी कॉल गाडीवर येत नसेल, तर अँड्रॉइडमध्ये त्या ब्लूटूथ नावासमोरच्या खुणेवर जाऊन ‘फोन कॉल’चा स्विच चालू आहे का बघा. आम्ही बघितलेल्या ‘जळालेल्या’ मॉड्यूलपैकी बरीचशी याच दोन जागी बरी झाली, यादी पुसून नाहीतर स्विच चालू करून.

एवढ्यानेही नाही जमलं तर फ्यूज. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये टेलिफोन किंवा रेडिओचा फ्यूज लिहिलेला असतो. लाल 10 अँपिअरचा, निळा 15 चा, पिवळा 20 चा. उडालेल्या लाल फ्यूजच्या जागी कोणी पिवळा ठोकून ‘आता नाही उडणार’ म्हणालं, तर त्या माणसाला गाडीला हात लावू देऊ नका. फ्यूज वायर वाचवायला असतो. मोठा बसवला की फ्यूज टिकतो आणि वायर जळते.

मग स्कॅनर. हजारभर रुपयांत मिळणारं साधं ओबीडी उपकरण (डॅशखालच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये लावतात ते) फक्त इंजिनचे कोड वाचतं, ते दाखवून कोणी ‘ब्लूटूथ फॉल्ट’ म्हणत असेल तर फेकतोय. पूर्ण स्कॅनर लागतो. फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्यांत टेलिफोन मॉड्यूल 77 नंबरच्या पत्त्यावर दिसतं. ते स्कॅनरशी बोलत असेल तर ते जिवंत आहे. स्क्रीनचा फोटो मागा. या एका फोटोला नकार मिळाला, तर गाडी तशीच घेऊन घरी या.

आता त्या दुकानात प्रत्यक्ष काय केलं गेलं ते बघू. या प्रकारच्या गाड्यांत मॉड्यूल पुढच्या सीटखाली, कार्पेटच्या खाली असतं. (पावसाळ्यात कार्पेट ओलं राहिलं तर ते खरोखर गंजतं, हेही खरं. पण मग कपलरच्या, म्हणजे वायरींच्या प्लगच्या, पिना हिरव्या पडलेल्या दिसतात, अंदाज करावा लागत नाही.) सीट उचलताना तिथला पिवळा कपलर चावी चालू असताना काढला गेला. पिवळा म्हणजे सीटमधली एअरबॅग किंवा बेल्ट. तो चालू गाडीत सुटला की डॅशवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि स्कॅनरने पुसल्याशिवाय सहसा जात नाही. तो दिवा पुसण्याचे पैसे वेगळे मागितले गेले, आणि ते कच्च्या कागदावर. लक्षात ठेवा, सीट काढण्याआधी चावी बंद, बॅटरीचं निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबायचं, आणि पिवळ्या कपलरला मल्टीमीटर लावायचा नाही म्हणजे नाही.

‘इम्पोर्टेड मॉड्यूल’ म्हणजे काय बसवलं? नखाएवढी चिप असलेला साधा ब्लूटूथ बोर्ड, बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही शे रुपयांना मिळतो तसा. तो स्टिरिओच्या ऑक्स लाइनवर, म्हणजे बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या वायरवर, टाकला. गाडीचा मूळ कपलर कापून वायरी पिळल्या आणि वर काळी इन्सुलेशन टेप मारली. याच कामाला बिलात ‘वायरिंग रिपेअर’ असं नाव होतं. धडधाकट वायर कापायची, ती पिळायची आणि त्या पिळण्याचेच पैसे घ्यायचे, हा पुण्यातल्या ॲक्सेसरीवाल्यांचा हातखंडा प्रयोग. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत टेपचा गोंद पातळ होतो, टेप सुटते आणि वायर उघडी पडते. गाडी वॉरंटीत असेल तर कापलेली वायर दाखवून सर्व्हिस सेंटर इलेक्ट्रिकलचा क्लेम नाकारू शकतं. वायर कापायची गरजच नसते. गाडीच्या मॉडेलप्रमाणे जुळणारा प्लग-अँड-प्ले हार्नेस, म्हणजे दोन्ही टोकांना तयार प्लग असलेला वायरींचा जुडगा, नाना पेठेत मागितला की मिळतो. स्टिरिओच्या मागच्या सॉकेटचे दोन प्रकार असतात, जुन्या आयएसओ सॉकेटचा हार्नेस स्वस्त, नव्या क्वाडलॉकचा थोडा महाग. जोड द्यावाच लागला तर क्रिम्प किंवा सोल्डर आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह.

खरी गंमत चौथ्या दिवशी. सकाळी गाडी सुरूच होईना. कारण शोधायला फार हुशारी लागत नाही. गाडीत 12 व्होल्टच्या दोन लाइन असतात, एक कायम चालू, दुसरी चावी फिरवल्यावर येणारी. आयएसओ सॉकेटमध्ये कायमची ए-4 या पिनवर, चावीची ए-7 वर, अर्थ ए-8 वर. (फोक्सवॅगन-स्कोडाच्या काही गाड्यांत ए-4 आणि ए-7 उलटे सापडतात, म्हणून रंगावर न जाता मीटरने मोजायचं.) दुकानातल्या पोराने बोर्डाचा सप्लाय कायमच्या लाइनवरून घेतला होता. समजा बोर्ड आणि बोर्डामुळे जागा राहिलेला स्टिरिओ मिळून 0.4 अँपिअर ओढतात. 60 अँपिअर-अवरची बॅटरी 150 तासांत पूर्ण बसेल, पण स्टार्टर त्याच्या खूप आधी कुरकुरतो. इथे पुढचं बिल तयार असतं, ‘बॅटरी वीक झालीय, नवीन टाका’.

बॅटरी बदलण्याआधी मोजा. निगेटिव्ह टर्मिनल सोडवून टर्मिनल आणि केबल यांच्यामध्ये मल्टीमीटर 10 अँपिअरच्या रेंजवर जोडा, गाडी लॉक करा, सगळी मॉड्यूल झोपायला अर्धा तास द्या. आकडा 50 मिलिअँपिअरच्या खाली यायला हवा. मीटर जोडलेला असताना चावी फिरवून स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. आकडा जास्त आला तर नव्या बोर्डाचा सप्लाय काढून पुन्हा मोजा, चोर तिथेच सापडतो.

माइकचं 1,800 रुपयांचं प्रकरण थोडक्यात. छतातला माइक इलेक्ट्रेट जातीचा असतो, त्याला चालायला मॉड्यूलकडून काही व्होल्ट डीसी लागतात. आतली कॅप्सूल पन्नास रुपयांच्या आत मिळते. इथे मूळ माइक जागच्या जागी होता, वायर मात्र तोडलेली, आणि नवी कॅप्सूल डॅशच्या फटीत एसीच्या जाळीजवळ टेपने चिकटवलेली. समोरच्याला फक्त वारा ऐकू येणार. वर तिच्या वायरभोवतीची शील्ड (जाळीचं आवरण) अर्थला जोडली नसेल तर इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टीही. गाडी ताब्यात घेण्याआधी एसी पूर्ण चालू ठेवून दुकानाबाहेर उभ्या माणसाला कॉल करा आणि तो काय म्हणतो ते ऐका. गाणं चालू ठेवूनही एकदा कॉल घ्या. गाणं आपोआप थांबलं नाही तर म्यूटची, म्हणजे स्टिरिओला गप्प करणारी, वायर जोडलेलीच नाही. ही वायर कॉल आल्यावर अर्थला टेकवायची असते, काम पाच मिनिटांचं, पण टाळलं जातं.

आणि स्पीकरची निगेटिव्ह वायर कोणी ‘कॉमन अर्थ’ म्हणून बॉडीला जोडत असेल तर तिथल्या तिथे थांबवा. आजच्या स्टिरिओंत स्पीकरच्या दोन्ही वायरी ॲम्प्लिफायरमधून येतात, एकही अर्थ नसते. बॉडीला टेकली की आउटपुटची आयसी (ॲम्प्लिफायरची चिप) जाऊ शकते. मग ‘साहेब, स्टिरिओ पण गेला, अँड्रॉइड टाकून घ्या’. त्या अँड्रॉइड स्टिरिओच्या सेटिंगमध्ये 4 जीबी रॅम लिहिलेली दिसली तरी सीपीयू-झेडसारखं ॲप टाकून बघा, आत कित्येकदा निम्मीही नसते.

काम देण्याआधी तीन वाक्यं तोंडावर म्हणा: वायर कापायची नाही, काढलेला प्रत्येक भाग मला परत, बिल पक्कं. पक्क्या बिलावरचा जीएसटी नंबर 15 अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की व्यवसायाचं नाव दिसतं. ते दुकानाच्या पाटीशी जुळतंय का बघा. फसलाच असाल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांची मुदत, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तिथे कापलेल्या कपलरचे फोटो उपयोगी पडतात, आणि गाडी दुकानात सोडण्याआधी काढलेला मूळ मॉड्यूलच्या लेबलचा फोटो त्याहून जास्त. त्यावरचा पार्ट नंबर आणि सिरियल नंबर स्पष्ट वाचता आला पाहिजे. तुमचं ‘भंगार’ पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाच्या तरी बिलावर ‘इम्पोर्टेड’ होऊन येतं, आणि तेव्हा ते ओळखायला तोच नंबर लागतो.