बोअरच्या पाण्यावर चौदा महिने: १५ लिटरच्या गिझरचा अनुभव

आमच्या वाघोलीच्या सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी एकत्र येतं. नळाच्या तोटीला पांढरी किनार, बादलीला आतून पांढरं कडं. जुना गिझर चौथ्या वर्षीच गेला. बुडातून तांबूस पाणी खालच्या वॉशिंग मशीनवर ठिबकायला लागलं. टाकीवर सात वर्षांची वॉरंटी होती म्हणून मी निर्धास्त होते, पण कार्डावर बारीक अक्षरांत क्षारयुक्त पाण्याची अट होती. वाद घालून उपयोग झाला नाही.

नवा घेताना दुकानदाराने आधी वीजबचतीचे स्टार दाखवले. ते वाईट नाहीत, पण त्यांचा हिशोब वेगळा आहे: तापलेलं पाणी नुसतं साठून राहिलं तर दिवसभरात किती ऊष्णता वाया जाते, एवढंच त्यावरून कळतं. आमच्याकडे सकाळी चौघांच्या अंघोळी उरकल्या की बटण बंद. त्यामुळे पाच स्टारसाठी जास्तीचे पैसे मोजले नाहीत. ‘उंच बिल्डिंग आहे ना, मग आठ बारचाच घ्या,’ असंही त्याने सांगितलं. बार म्हणजे दाबाचं माप; आठ बारचा गिझर तेवढा पाण्याचा दाब सोसतो. गंमत अशी की गच्चीवरच्या टाकीचा दाब खालच्या मजल्यांना जास्त बसतो, साधारण दहा मीटरला एक बार. अकरा मजल्यांत आम्ही दुसऱ्यावर, म्हणून आठ बारचा घेतला. दहाव्या मजल्यावर प्रेशर पंप नसेल तर त्याची तेवढी गरज नाही.

१५ लिटर, २ किलोवॅट. हिवाळ्यात अठरा-वीस मिनिटांत अंघोळीजोगं पाणी होतं. पंधरा अँपियरचा वेगळा पॉइंट आणि नीट अर्थिंग आधीपासून होतं. नसेल तर गिझरच्या आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

पहिले सात महिने काही तक्रार नव्हती. मग पाणी तापताना आतून तडतड आवाज यायला लागला, जणू कोणी मंद आचेवर लाह्या भाजतंय. सर्व्हिसवाला आला, मेन बंद करून टाकी रिकामी केली आणि खालची प्लेट उघडली. कॉईल पांढऱ्या पापुद्र्याखाली दिसतच नव्हती. टाकीच्या बुडातून चुन्यासारखे खडे निघाले, तसराळंभर. आणि अ‍ॅनोड रॉड! नवा असताना अंगठ्याएवढा जाड असतो, आमचा झाला होता छत्रीच्या काडीएवढा, टोकाला नुसती तार. ‘ताई, आता पाणी टाकीलाच खाणार होतं,’ तो म्हणाला.

हा मॅग्नेशियमचा रॉड टाकीत स्वतः झिजण्यासाठीच बसवलेला असतो. तो शिल्लक आहे तोवर गंज त्याला लागतो, टाकीच्या पोलादाला नाही. जुन्या गिझरचा रॉड चार वर्षांत कधी पाहिलाच नव्हता. असं काही आत असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

नवा रॉड आणि नवं गॅस्केट टाकलं. कॉईल सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात दोन तास भिजवली, बराचसा थर गळून पडला. चाकूने खरवडू नका, वरचं आवरण जातं. परत भरताना गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून धार सलग आल्यावरच बटण दाबायचं, नाहीतर कोरडी कॉईल जळते.

तेव्हापासून थर्मोस्टॅट ७५ वरून ५५ वर आणला. पाणी जितकं जास्त तापेल तितका क्षार जास्त धरतो. विसणाला गार पाणी कमी लागतं, एवढाच फरक. सासूबाईंना मात्र हे पाणी ‘कोमट’ वाटतं. चिंचेने घासून लखलखीत केलेल्या बंबाचं पाणी कसं कढत असायचं, हे आठवड्यातून एकदा ऐकावं लागतं.

एक गोष्ट खटकते. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी पडतं. पाणी प्रसरण पावल्यावर ते कुठेतरी निघायलाच हवं, पण कंपनीने सोबत साधी नळी दिलेली नाही. प्लंबर तिथे प्लग मारायला निघाला होता, त्याला अडवलं. नळी आणून जाळीपर्यंत सोडली.

गेल्या आठवड्यात, चौदाव्या महिन्यात, पुन्हा उघडला. खडे मूठभरच होते, रॉड अर्धा शिल्लक. पुढचा रॉड आणून स्वयंपाकघरातल्या खणात ठेवलाय आणि गिझरच्या अंगावर मार्करने तारीख घातली आहे.