बोअरच्या मोटरचं डिजिटल पॅनेल: नऊ महिने वापरल्यावर

बटण दाबलं की बोअरच्या केसिंगमधून, म्हणजे तोंडाशी बसवलेल्या मोठ्या पाइपातून, नुसता घुमल्यासारखा आवाज यायचा, आठ-दहा सेकंदांत ओव्हरलोड (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा स्विच) पडायचा आणि टाकीत थेंब नाही. गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आम्ही तासगावच्या पूर्व भागात राहतो. घरामागे दोनशे फुटांचं बोअर आहे, त्यात 180 फुटांवर दीड एचपीची सिंगल फेज सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारी मोटर, सोडलेली. घरातली सहा माणसं आणि दोन म्हशी त्याच पाण्यावर.

मेकॅनिक आला, त्यानंही बटण दाबून बघितलं आणि म्हणाला, "दादा, मोटर जळलीया. वर काढायला लागंल." आम्ही काढली. तीन खांबांचं तिकाटणं उभं केलं, चेनपुली लावली, पाच माणसं दिवसभर उन्हात. मजुरीचेच 3,000 रुपये गेले. मोटर वर आल्यावर पाण्याच्या बॅरलमध्ये बुडवून त्याच्याकडच्या पॅनेलवर (मोटर चालू-बंद करायच्या पेटीवर) लावली, तर पहिल्या झटक्यात फिरली. बिघाड होता जमिनीवर, आमच्याच जुन्या पॅनेलमधल्या रन कपॅसिटरमध्ये, सिंगल फेज मोटर ज्याच्याशिवाय नीट फिरत नाही त्या डबीत. 50 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मीटरवर 19 दाखवत होता. शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी 180 फूट पाइप उपसला याचं मला आजही वाईट वाटतं, कारण आमच्या भागात हे घरोघरी होतं.

जुन्या पॅनेलला मीटरच नव्हता. खाली काय चाललंय हे वर कळायला एकच मार्ग असतो, मोटर किती अँपिअर ओढते ते बघणं. म्हणून जूनमध्ये व्होल्ट आणि अँपिअर दाखवणारं, ड्राय रनला, म्हणजे मोटर पाण्याविना कोरडी चालली तर, आपोआप बंद होणारं पॅनेल घेतलं. कपॅसिटर धरून साडेचार हजारांना पडलं.

बसवल्यावर पहिलं काम केलं ते असं की सगळं सुरळीत असतानाचे आकडे झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवले. व्होल्टेज 225, अँपिअर 9.6, बटण दाबल्यापासून टाकीत पाणी पडायला 25 सेकंद. पुढच्या नऊ महिन्यांतले बहुतेक बिघाड या तीन आकड्यांवरूनच सापडले.

श्रावणात संध्याकाळी मोटर सुरूच होईना. पॅनेलवर 168 व्होल्ट. एवढ्या कमी दाबावर मोटर जोर लावून जास्त करंट ओढते, तापते आणि वायंडिंग (आतली तारेची गुंडाळी) जातं. पॅनेलनं सुरूच होऊ दिली नाही. वायरमनला आकडा सांगितला, त्यानं डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरजवळचा) सैल जंपर, म्हणजे जोडतार, घट्ट केला. मीटर नसता तर आम्ही पुन्हा तिकाटणं उभं केलं असतं.

डिसेंबरमधला बिघाड वेगळा होता. व्होल्टेज ठीक, अँपिअर 9.8, म्हणजे मोटर फिरतेय आणि पाणीही उचलतेय. पण टाकीत बारीक धार. आण्णांनी पायातली चप्पल काढली, खाली बसले आणि केसिंगला कान लावला. मला म्हणाले, "इकडं ये, ऐक." आत पाणी पडल्याचा स्पष्ट आवाज येत होता, घागरीत वरून धार सोडावी तसा. पाइप फुटला होता. यावेळी मोटर काढणं भागच होतं, पण काय दुरुस्त करायचंय हे ठाऊक असल्याने अर्ध्या दिवसात काम झालं. चाळीस फुटांवर केसिंग संपतं, तिथल्या कडेला पाणी वर आणणारा एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप घासून बोटभर चीर पडली होती. मोटर चालू-बंद होताना पाइपला प्रत्येक वेळी हिसका बसतो, त्यानं असं होतं. केबलही त्याच कडेला सोलवटली होती, तिथं नवा जॉइंट मारून घेतला.

फेब्रुवारीत खरी कसोटी लागली. द्राक्षबागांना पाणी चालू, आजूबाजूची सगळी बोअर उपसत होती. आमची मोटर 22 मिनिटं चालायची आणि अँपिअर हळूहळू 6 वर यायचा. पाणी संपलं की पंपातल्या, पाणी वर ढकलणाऱ्या पंख्यांवरचा भार जातो, म्हणून करंट घटतो. सबमर्सिबलला गार ठेवतं ते भोवतीचं पाणीच, त्यामुळे अशी कोरडी चालली तर बुश झिजतात आणि मोटर खरोखर जळते. आपल्याकडच्या काळ्या कातळात पाणी साठतं ते भेगांत आणि मुरमात, झिरपून परत यायला वेळ लागतो. म्हणून पाणी संपून मोटर बंद पडली की किमान दीड तास पुन्हा सुरू होऊ नये, असा मी पॅनेलचा टायमर लावला. दिवसातून तीन वेळा वीस-वीस मिनिटं चालवून घराचं भागलं. म्हैसाळच्या कालव्याला आवर्तन सुटलं की आमची पातळी चढते, तेव्हा टायमर काढून टाकतो.

उणिवाही सांगतो. ड्राय रनची कंपनीतून आलेली सेटिंग 5 अँपिअर होती. आमची मोटर कोरडी चालतानाही 6 ओढते, म्हणजे या सेटिंगवर पॅनेलला काहीच कळलं नसतं. सुरळीत अँपिअरच्या पाऊण भागाच्या आसपास, म्हणजे आमच्याकडे 7.2 वर, मी स्वतः सेट केली. विकणाऱ्यानं हे सांगायला हवं होतं. माहितीपत्रक फक्त इंग्रजीत, उन्हात आकडे दिसत नाहीत. केबलच्या भोकातून मुंग्या आत शिरून कॉन्टॅक्टमध्ये चिरडल्या, तेव्हा दोन दिवस स्टार्ट घेतला नाही. ते भोक एम-सीलने बुजवलं.

झाकण उघडण्याआधी मेन स्विच पाडाच, आणि कपॅसिटरला हात लावण्याआधी तो डिस्चार्ज करून घ्या. वीज बंद असली तरी त्यात करंट शिल्लक राहतो.

गेल्या आठवड्यात पाणी यायला 25 ऐवजी 70 सेकंद लागायला लागलेत. अँपिअर 9.6 च आहे, केसिंगला कान लावला तर आवाज नाही. पाइपातलं पाणी मोटर बंद झाल्यावर खाली उतरतंय, म्हणजे एनआरव्ही, पाणी परत खाली जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, गळतोय. नवा आणून ठेवलाय, पाडव्यानंतर माणसं मोकळी झाली की बसवणार.