स्टे पूर्ण घ्यावा की सीओसीपुरता?

एनसीएलटीने, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने, कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत घेतली की अपिलाला ३० दिवस असतात आणि फार तर आणखी १५ मिळतात, हे वकिलांनी सांगितलंच असेल. घोडं अडतं ते पुढे. दिल्लीत एनसीएलएटीपुढे, म्हणजे वरच्या अपील न्यायाधिकरणापुढे, स्टे (स्थगिती) मागायचा तो सगळ्या आदेशाला, की नुसती सीओसी, म्हणजे घेणेकऱ्यांची समिती, बसू नये एवढ्यापुरता? मी भोसरीतला साधा फॅब्रिकेशनवाला, पण दोन्ही भोगून झालेत.

पूर्ण स्टेचं सुख वेगळंच. कंपनीचा कारभार हाती घेतलेले आयआरपी (न्यायाधिकरणाने नेमलेले अंतरिम व्यावसायिक) बाजूला होतात, चेकवर पुन्हा आपली सही चालते. पैसे उभे राहणार याची खात्री असेल तर यासारखं दुसरं काही नाही. ‘झी’ला फेब्रुवारी २०२३ मध्ये दोनच दिवसांत असा स्टे मिळाला आणि पुढच्या महिन्यात बँकेशी तडजोडही झाली. रिलायन्स कम्युनिकेशन्सचं उलट झालं. मे २०१८ मधला त्यांचा स्टे एरिक्सन या घेणेकरी कंपनीला ५५० कोटी द्यायच्या बोलीवर होता. सप्टेंबरअखेरची मुदत टळली, प्रकरण सुप्रीम कोर्टात अवमानापर्यंत गेलं आणि एप्रिल २०१९ मध्ये स्टे उठून कंपनी परत प्रक्रियेत. आपले आकडे लहान, पण बोली तशीच असते.

मलाही पहिल्या तारखेला पूर्ण स्टे मिळाला. पेढे वाटले. आदेश थांबला की त्यातला मोरॅटोरियमही, म्हणजे कंपनीकडून वसुली करायला असलेली बंदीही, थांबतो, हे मात्र डोक्यातच आलं नाही. दिवाळखोरीचा अर्ज एका सप्लायरचा होता, पण बँकेच्या सरफेसी नोटिशीचे (या कायद्याने बँक कोर्टात न जाता तारणाचा ताबा घेते) ६० दिवस आधीच उलटलेले. नवव्या दिवशी, ऐन शिफ्ट बदलताना, गेटवर ताबा नोटीस चिकटली. नियमाने ती दोन पेपरांत छापावी लागते, त्यातला एक स्थानिक भाषेतला. ताबा कागदोपत्रीच होता, एकही मशीन जागचं हललं नाही. पण आमचे सासरेबुवा चहाबरोबर पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात. आयआरपींच्या जाहीर सूचनेतलं कुणाला काही कळलं नव्हतं. ‘ताबा’ हा शब्द सगळ्यांना कळतो. आधी त्यांचा फोन, मग पत्र्याच्या व्यापाऱ्याचा: “शेठ, यापुढे माल रोखीने.” हातात स्टे होता आणि बाजारात पत नव्हती.

पुढच्या तारखेला पूर्ण स्टे चालू ठेवायचा तर काही रक्कम जमा करा, असा खंडपीठाचा सूर दिसला. आम्हीच म्हटलं, सीओसीपुरता ठेवा. आयआरपी परत आले, मोरॅटोरियम आला, बँक थांबली.

याचाही जाच आहेच. पगाराची यादी, पत्र्याचं बिल, सगळं आयआरपींच्या सहीला, आणि ते यायचे बुधवारी. एकदा पगार अकरा तारखेला झाला. त्यांची फी वेगळी. पण माणूस समजूतदार होता, हे कबूल करायला हवं. तुमच्या वाट्याला कोण येईल सांगता येत नाही. सुपरटेक या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात एप्रिल २०२२ मध्ये एनसीएलएटीने समितीच रोखली होती. जूनमध्ये ती एका इको व्हिलेज-२ प्रकल्पापुरती बसू दिली आणि बाकीची बांधकामं आयआरपींच्या देखरेखीखाली चालू राहिली. समिती बसली नाही तोवर अर्जदाराशी मिटवून बाहेर पडणं सोपं, बसली की ९० टक्के मतं गोळा करत फिरायचं. हा फायदा दोन्ही स्टेंमध्ये सारखाच. आमचं सप्लायरशी अपिलाच्या अंतिम सुनावणीआधीच मिटलं.

घेणेकरी एकटाच असेल आणि पैसे तयार असतील तर खुशाल पूर्ण स्टे मागा. चार-पाच जण दारात असतील तर, मी वकील नाही, पण मी आपला सीओसीपुरताच मागेन. वैयक्तिक गॅरंटी दिली असेल तर मात्र तिला मोरॅटोरियमचं कवच नाही. राहत्या फ्लॅटवर नोटीस दोन्ही प्रकारांत येऊ शकते. हे सासरेबुवांना मी अजून सांगितलेलं नाही.